फ्रीझर, तारली आणि वाढीव वॉरंटी

मी एक मध्यम बांध्याचा फ्रीझर. ‘मध्यम’ हा दुकानदाराचा शब्द. आमच्या अराबाबाई मला ‘डबा’ म्हणतात. “त्या डब्यात मावणार काय, डोंबल!” असं दिवसातून एकदा तरी माझ्या तोंडावर बोलतात, आणि वर माझंच झाकण उघडून माझ्याच गारव्यात तोंड घालून घटकाभर उभ्या राहतात. उन्हातून आल्यावर बरं वाटतं ना! माणसांची ही तऱ्हा मला आता पाठ झाली आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण तेव्हा माझ्यात वीज नव्हती, आणि पहिली वीज मिळेपर्यंत आमच्या जातीला आठवणी राहत नाहीत. जहाजातून टाकोराडीच्या बंदरात उतरलो आणि बाजारातल्या एका दुकानात पहिल्यांदा माझी पिन लागली. शेजारी आमचा थोरला भाऊ होता. काय त्याचं पोट! दोघं जण आत बसून आरामात ओवारेच्या बियांचा डाव मांडू शकले असते. गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे जायचं, किंमत ऐकायचं आणि मग माझ्याकडे वळायचं. मी मनाला लावून घेत नसे, असं म्हणालो तर ते खोटं होईल.

एक दिवस अराबा एसुमन आल्या. सेकोंदीच्या बंदरावर मासळी घेऊन बाजारात विकणाऱ्या बाई. आवाज असा की दुकानातले पंखेही दचकले असतील. ऑगस्टमध्ये आमच्याकडे तारली इतकी येते की कुणी फुकटही घेत नाही, आणि पुढे समुद्र रुसला की तीच तारली हिऱ्यामोत्यांच्या भावाने जाते. ज्याच्याकडे गोठवून ठेवायला जागा, त्याचं वर्ष निघालं. बाईंना तेवढ्यासाठी फ्रीझर हवा होता. त्या थेट थोरल्याच्या पोटात कमरेपर्यंत वाकल्या, दोन्ही हात पसरून पाहिले आणि आतूनच ओरडल्या, “हाच!”

सोबत त्यांचे यजमान होते, फीफी एसुमन. रेल्वेतून निवृत्त झालेले. गाडी येवो न येवो, हे वेळेवर फलाटावर उभे, असा माणूस. शिक्का असलेल्या कागदावर त्यांची भारी श्रद्धा. दुकानातल्या बर्निस नावाच्या मुलीने ती पहिल्या नजरेत ओळखली.

“पपा, वॉरंटी एक वर्षाची आहे,” ती गोड आवाजात म्हणाली. वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला आमच्याकडे पपाच म्हणतात. “पण वर्ष संपल्यावर काही झालं तर?”

हा ‘तर’ फीफीसाहेबांच्या काळजात रुतला.

“काय होऊ शकतं?”

“काहीही! वीज वर-खाली होते, मोटार जळते, गॅस जातो. वाढीव वॉरंटी घेतली की पुढची तीन वर्षं तुम्ही निवांत.”

“अगं पोरी, आत्ताच म्हणालीस ना, एकदम टिकाऊ आहे?” बाई थोरल्याच्या पोटातून बाहेर आल्या. “पैसे द्यायच्या आधीच आजारी पाडलास होय त्याला?”

बर्निस नुसती हसली. पण पेच खरा होता. थोरला एकटा घ्या, नाहीतर मला घ्या आणि माझ्यावर वाढीव वॉरंटी घ्या, रक्कम तीच.

“मला मासे ठेवायचेत, कागद नाही!”

“आणि उद्या बिघडला की माझ्याच नावानं शंख करशील.”

“नाही करणार.”

“गेली तीस वर्षं करतेयस.”

शेवटी पैसे साहेबांच्या खिशातून जायचे होते, त्यामुळे मीच निघालो. टाकोराडीपासून सेकोंदीपर्यंत टेंपोत बाई साहेबांकडे पाठ करून बसल्या. मात्र खड्डा आला की हात लावून मला धरत होत्या. रागाच्या भरातही वस्तूला धक्का लागू द्यायचा नाही, हा बायकांचा स्वभाव मला त्या दिवशी कळला.

घरी माझी स्थापना पडवीत झाली. आणि नवी वस्तू आली म्हणजे तिच्यावर प्रार्थना नको? बाईंनी चर्चच्या पास्टरना बोलावलं. त्यांनी माझं झाकण उघडून आत अशी खणखणीत प्रार्थना केली की माझ्या पोटात तिचा प्रतिध्वनी घुमला. मग आशीर्वादाच्या तेलाची बाटली काढली. माझ्या बटणाजवळ एक हिरवा दिवा लुकलुकत होता. पास्टरना वाटलं, याचा जीव इथेच असणार. त्यांनी निम्मी बाटली तिथेच ओतली! मी घाबरून थरथरलो, तर सगळे म्हणाले, “पाहा, आशीर्वाद लागला!”

संध्याकाळी साहेबांचे मामा आले. आमच्याकडे कूळ आईकडून चालतं, त्यामुळे मामा म्हणजे कुळातले सर्वांत वडीलधारे. पूर्वजांना घोट दिल्याशिवाय घरात नवं यंत्र वापरायला घेणं त्यांना मंजूर नव्हतं. जिनची बाटली उघडून त्यांनी एकेका पूर्वजाचं नाव घेत जमिनीवर धार धरली. पण मामांचा हात वयानं कापतो. तीन-चार पूर्वजांचा वाटा माझ्या जाळीतून मोटारीवर गेला. कंपनीचा कागद, पास्टरांचं तेल, मामांची जिन. एवढा बंदोबस्त मंत्र्यालाही नसेल.

त्यानंतर माझा सुखाचा तुरुंगवास सुरू झाला. फीफीसाहेबांनी वॉरंटीचे नियम तोंडपाठ केले होते. माझ्या अंगावरचं प्लास्टिक काढायचं नाही. झाकण जोरात लावायचं नाही. लाइट गेली की साहेब ताटावरून उठून माझी पिन काढायला धावत. सगळ्यांत कडक नियम म्हणजे वॉरंटी फक्त ‘घरगुती वापरापुरती’. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे थंड करायची सोय, त्याच्याकडे सगळ्यांच्या पाण्याच्या पिशव्या, सगळ्यांचे मासे. तुझं माझं कुणी करत नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या एसीमावशी सोबोलोच्या, म्हणजे जास्वंदीच्या सरबताच्या, लालभडक बाटल्या घेऊन आल्या.

“मावशी, राग मानू नका,” साहेब माझ्यापुढे आडवे झाले. “बाहेरचं ठेवलं तर कंपनी धंदा धरते. वॉरंटी जाते.”

“माझा सोबोलो बाहेरचा? तुझ्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाला मीच पाजला होता की रे!”

“नियम आहे, मावशी.”

“घाल चुलीत तुझा नियम!” म्हणत मावशी बाटल्यांसकट परत गेल्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आणि माझे मासे?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. “ते काय घरगुती?”

“तू घरातली, म्हणून तुझे मासेही घरातले,” साहेब ठामपणे म्हणाले. नियम कुठे वाकवायचा हे त्यांना बरोबर कळत होतं.

पहिला ऑगस्ट असा-तसा गेला. मी काठोकाठ भरलो आणि उरलेल्या पाट्या बाईंना मातीमोल भावात द्याव्या लागल्या. “थोरला असता तर...” एवढंच त्या म्हणत आणि वाक्य तसंच सोडून देत. पुरं केलं असतं तर साहेबांना भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या ऑगस्टमध्ये दुकानाची मूळ वॉरंटी संपून वाढीव सुरू झाली होती. बाईंनी त्या वेळी साठवलेली सारी कमाई तारलीत घातली होती. गावातल्या, मक्याचे उकडलेले गोळे नि तळलेले मासे विकणाऱ्या केंकीवाल्या बायकांना पुढचे सगळे महिने मासे पुरवायचा शब्द दिला होता. मी गळ्यापर्यंत भरलेला. आणि नेमका त्याच दिवसांत मी आजारी पडलो. आधी कणकण, मग खडखड, मग काहीच नाही.

बाईंनी कपाळावर हात मारला. आणि साहेब? साहेबांच्या चेहऱ्यावर दिवाळी! “बघितलंस?” ते हात चोळत म्हणाले. “बघितलंस? म्हणून घेतात वॉरंटी!” माझ्या आजारपणाने एवढं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. लग्नाकार्याचा शर्ट घालून, कागद छातीशी धरून ते टाकोराडीला गेले.

परत आले ते जरा नरम होऊन. “कंपनीचा माणूस येईल म्हणाले. कामाच्या दिवसांत.”

“म्हणजे कधी?”

“ते कामाच्या दिवसांवर आहे. मधे रविवार आहे, सुट्टी आहे. तोवर दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. सील तुटलं की वॉरंटी गेली.” एवढं सांगून ते माझ्यासमोर स्टूल टाकून पहाऱ्याला बसले.

“आणि मासे?” बाई म्हणाल्या. “मासे कामाचे दिवस मोजतात का हो?”

साहेबांनी कागद उलटा करून मागची बाजूही वाचून पाहिली. माझ्या पोटातला बर्फ सुटायला लागला होता, आणि मला इतकं अपराधी वाटत होतं म्हणून सांगू! बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या माझ्याजवळ खाली बसल्या आणि माझ्या अंगाला पाठ टेकली. पदरचं सगळं गेलं तर केंकीवाल्यांना तोंड कसं दाखवायचं, पुढचा माल कशानं उचलायचा, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले.

साहेबांनी ते पाहिलं. स्टुलावरून उठले. घरातलं सर्वांत मोठं अल्युमिनियमचं घमेलं आणलं, माझं झाकण उघडलं आणि ओंजळी-ओंजळीने तारली भरायला लागले. मग फडक्याची चुंबळ केली आणि घमेलं डोक्यावर घेतलं. आमच्याकडे पुरुष माणूस डोक्यावर मासळी वाहत नाही, आणि निवृत्त रेल्वेवाला तर नाहीच नाही. सगळी गल्ली दारात आली. मासळीचं पाणी त्यांच्या लग्नाकार्याच्या शर्टावरून ओघळत होतं. ते सरळ एसीमावशींच्या फाटकाशी गेले. मला पडवीतून सगळं दिसत होतं.

“मावशी, तुमच्या फ्रिजमध्ये जागा आहे का?”

मावशींनी कमरेवर हात ठेवले. “अगो बाई! बाहेरचे मासे? माझी वॉरंटी जाईल ना रे बाबा!”

“तुमच्या फ्रिजला वॉरंटी आहे?” साहेबांनी खरोखरच विचारलं.

“त्याचं दार मी दोरीनं बांधलंय, वॉरंटी कुठली!” मावशींनी फाटक सताड उघडलं. मग म्हणाल्या, “आण इकडे, मान मोडून घेशील.” आणि गल्लीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक दिली, “अगं ए, आपापले फ्रिज रिकामे करा गं! अराबाची तारली यायचीय!”

पाण्याच्या पिशव्या बाहेर आल्या, मासे आत गेले. कुणाकडे पाटी, कुणाकडे अर्धी, सुताराच्या घरी तर आइस्क्रीमच्या डब्यातसुद्धा. साहेब फेऱ्या मारत होते आणि प्रत्येक दारात वॉरंटीवरून एकेक टोमणा खात होते. निमूटपणे खात होते. अंधार पडायच्या आत मी रिकामा झालो होतो, आणि बाईंची तारली वाचली होती.

कंपनीचा माणूस आला तेव्हा साहेबांची मानही दुखायची थांबली होती. त्याने माझं बटण उघडलं. आत तेलात मुंग्या लागून चिखल झाला होता.

“हे कसलं तेल? स्वयंपाकाचं?”

“आशीर्वादाचं,” साहेब म्हणाले.

त्याने मोटारीजवळ नाक नेलं. “आणि हा वास?”

“जिन. पण ती आमची नाही, पूर्वजांची.”

तो बिचारा मांडी घालून खालीच बसला. “साहेब, पातळ पदार्थ आत गेला की वॉरंटी रद्द होते.”

“पातळ पदार्थ?” आता बाई उसळल्या. ज्या बाईला ती वॉरंटी कधी नकोच होती, ती तिच्यासाठी भांडायला उभी राहिली! “पास्टरांच्या प्रार्थनेला पातळ पदार्थ म्हणतोस, मेल्या?”

“आई, तेल पवित्र असेल. पण माझ्या कागदावर पवित्र तेलाचा रकाना नाही हो!”

त्याने मला धुऊन-पुसून नवं बटण बसवलं, त्याचे पैसे साहेबांकडूनच घेतले, आणि वॉरंटीच्या कागदावर आडवी रेघ मारून गेला. मी पुन्हा चालू झालो. तारली घरोघरून परत आली. थोडीफार कमी आली, पण कुणाच्या घरी तळल्याचा वास येत होता हे विचारायची बाईंची हिंमत नव्हती.

तर असं हे माझं आयुष्य. माझ्या अंगावरचं प्लास्टिक गेलं. आता माझ्या पोटात एसीमावशींचा सोबोलो असतो, सुताराच्या पाण्याच्या पिशव्या असतात, आणि बाईंचे निम्मे मासे जागा नाही म्हणून मावशींच्या दोरीवाल्या फ्रिजमध्ये असतात. वाढीव वॉरंटी घ्यावी की न घ्यावी, हे मला विचाराल तर मी सांगणारा कोण? एखाद्याचा टीव्ही तिच्यावर फुकट दुरुस्तही झाला असेल. पण दुकानात उभे राहाल तेव्हा हात जोडून एक विनंती आहे. मी बिघडलो तर माझं काय होईल, एवढंच विचारू नका. माझ्या पोटातल्या जिनसांचं त्या दिवशी काय होईल, तेही विचारा. आणि ज्यांच्या त्या जिनसा, त्यांना आधी बोलू द्या.

परवाची गोष्ट सांगतो आणि निरोप घेतो. यंदाची तारली आली होती. बाई माझं झाकण उघडून, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. जागा नव्हतीच. साहेब स्टुलावर बसून पायाच्या अंगठ्याकडे पाहत पुटपुटले, “थोरलाच घ्यायला हवा होता. तुझं बरोबर होतं.”

बाई गर्रकन वळल्या. “काय म्हणालात?”

“काही नाही.”

“हा डबा घुरघुरतोय, काही ऐकूच येत नाही. परत म्हणा.”

सगळं ऐकलं होतं हो त्यांनी! कान नुसते टवकारलेले होते. पण हे वाक्य दोनदा ऐकायचा त्यांचा हक्क होता, आणि मलाही तेवढी जाण आहे. पोटात जितका म्हणून गारवा होता तितका एकवटून मी मोटार बंद केली. पडवीत अशी शांतता पसरली की बंदरावरच्या लाटा ऐकू यायला लागल्या.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फितूर झालो होतो. मग उठून उभे राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, “थोरला घ्यायला हवा होता! तुझं बरोबर होतं, माझं चुकलं!”

“आता ऐकलं रे बाबा!” भिंतीपलीकडून एसीमावशी ओरडल्या. “साऱ्या गल्लीनं ऐकलं!”

बाई इतक्या हसल्या की त्यांना माझ्या काठाचा आधार घ्यावा लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मासळीच्या हातानेच पुसलं. साहेबही हसले, जरा उशिरा, पण हसले. त्यांनी झाकण लावलं आणि मी पुन्हा सुरू झालो.