गाळलेलं वाक्य

लेकीचं कुठंही भाषण असलं की ती आधी माहेरी येऊन स्वयंपाकघरात बोलून दाखवायची. आई भाजी निवडत ऐकायची, बाप स्टुलावर बसून. बापाचं कोपऱ्यावर सलून होतं, शिक्षण बेताचं.

"तुम्हाला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं," ती म्हणायची. तो तिला पेशीबाई म्हणायचा.

प्रोस्टेटचा कॅन्सर हा तिच्या संशोधनाचा विषय. पुरुषाच्या अंगातलं एक हार्मोन हे त्या गाठीचं खाद्य. इंजेक्शनं देऊन ते बंद केलं की गाठ दबते. पुढं कधीतरी पेशी उपाशी जगायला शिकतात आणि गाठ पुन्हा वाढते. अशा उपाशी पेशींना तिनं प्रयोगशाळेत एकदम भरपूर हार्मोन दिलं, तेव्हा त्या पटापट मेल्या. या खेपेचं भाषण त्यावरच होतं.

बापालाही तोच आजार होता. इंजेक्शनांनी गाठ दबली होती, पण माणूसही दबला होता. बसल्या जागी घामानं निथळायचा, टीव्हीवरची जाहिरात बघून डोळे पुसायचा.

"आता कळलं ना, पन्नाशीत मी का चिडायचे?" बायको पंखा वाढवत विचारायची.

"कळलं बाई. चुकलं माझं."

दाढी तर जवळजवळ थांबलीच होती. "जगाच्या दाढ्या करतो आणि माझ्या वस्तऱ्याला काम नाही," असं तो हसत सांगायचा. मग गालावर हात फिरवायचा.

त्या दिवशी भाषण ऐकताना तो एका वाक्याशी अडला. "ज्यांची गाठ अजून इंजेक्शनाला दाद देते आहे, त्यांच्यासाठी हा उपाय नाही. त्यांच्यात हार्मोन गाठ वाढवेल."

"हे काढ गं, पेशीबाई. ऐन रंगात आल्यावर घोळ होतो."

लेकीनं विचार केला. समोर बसणारे सगळे याच आजाराचे डॉक्टर. त्यांना हे सांगायची गरज नव्हती. तिनं वाक्य काढलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणून दाखवलं. बापानं टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर बरेच महिने तिला यायला जमलं नाही. आली त्या सकाळी बाप बेसिनपाशी गालाला फेस लावून उभा होता. पांढरे खुंट बेसिनभर. ती दारातच थबकली.

"रोज करता दाढी?"

"रोज! परत आली बघ. हातातही जोर आलाय."

"बाबा, इंजेक्शन?"

त्यानं वस्तरा धुतला. "या वेळचं सोडलं. त्याच्या आधीचंही नाही घेतलं. आईला सांगायचो, घेऊन आलो."

"पण का?"

"तूच म्हणालीस ना, उपाशी पेशींना एकदम खायला घातलं की मरतात? म्हटलं, दुसऱ्या कुणावर करण्याआधी आपल्या घरात होऊ दे. पेशीबाईचा पहिला पेशंट तिचा बाप." चेहरा कसा उजळला होता त्याचा.

तिनं हळूच विचारलं, "पाठ दुखते?"

"दुखते थोडी. दिवसभर उभं राहायचं म्हणजे दुखणारच."

"पायांना मुंग्या?"

तो खाली पायांकडे बघू लागला. अर्धा फेस तसाच गालावर असताना तिनं त्याला गाडीत घातलं.

गाठ कण्यात उतरून नसा दाबत होती. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, पाठीला किरणांचे शेक दिले. दुखणं थांबलं, गाठही दबली. पाय मात्र परत आले नाहीत. उभ्यानं काम करणाऱ्या माणसाच्या सलूनचं शटर खाली आलं ते आलंच.

लेकीनं घरी भाषणं म्हणून दाखवणं बंद केलं. एक दिवस तो पलंगावरून म्हणाला, "परवा कुठंतरी बोलावलंय म्हणे तुला. आई सांगत होती. मग आम्हाला नाही ऐकवत?"

"नको, बाबा."

"अगं, पाय गेलेत. कान आहेत अजून."

आईनं तिला स्टूल दिलं. ती बोलत गेली. पेशी मेल्या तिथवर आली आणि थांबली.

"इथं एक वाक्य होतं," बाप म्हणाला.

"हो."

"म्हण ना."

तिनं म्हटलं.

"परत म्हण. सावकाश."

तिनं एकेक शब्द उचलून पुन्हा म्हटलं. या खेपेला तो कुठंच अडला नाही. छताकडे बघत त्यानं मान हलवली.

"कळलं," तो म्हणाला. "भाषणात राहू दे ते. बोल पुढं."

लेकीला पुढचं एक अक्षर आठवेना. बाप वाट बघत गालावर हात फिरवत राहिला. गाल पुन्हा गुळगुळीत झाला होता.