गुडघ्यावरची आखणी

पोपटच्या हातात कला होती, डोक्यात मात्र भुसा. असं त्याची बायको मैना म्हणायची, आणि पेणजवळच्या जोहे गावात ते कुणी खोडून काढत नसे.

गणपतींचा कारखाना घराच्या पडवीतच. साच्यातून मूर्ती काढायची मैनेने, रंगवायची दोघांनी, आणि डोळे काढायचे, म्हणजे आखणी करायची, ती फक्त पोपटने. आखणी सगळ्यात शेवटी. तोवर मूर्ती म्हणजे नुसतं प्लास्टर. तडकली तर फोडून कोपऱ्यात टाकावी. पण एकदा डोळे उघडले की देव झाला. मग त्याला तडा गेला तरी हातोडी लावायची नाही, पाण्यातच सोडायचा. पोपटची आई सीताबाई या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

त्या वर्षी ज्येष्ठात मैनेचा उजवा गुडघा ठणकू लागला. वाटीवर लिंबाएवढी सूज आली. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी हाडाचा फोटो काढा, मग बघू. पण ऐन हंगामात कारखाना टाकून जातो कोण?

"हलला नाय म्हंजे आपसूक बरा व्हईल," पोपट म्हणाला. त्याने काथ्या प्लास्टरात भिजवला आणि मूर्तीचा मोडका हात सांधावा तसा बायकोचा गुडघा गुंडाळला. वरून हात फिरवून गुळगुळीतसुद्धा केला. शहाणाच की नाही!

एवढ्यावर थांबता तरी! समोर पांढरंशुभ्र प्लास्टर, हातात ब्रश, बशीत ताजा काळा रंग. गंमत म्हणून त्याने गुडघ्यावर दोन डोळे काढले. मैना हसायला गेली आणि गप्प झाली. डोळे तिच्याकडे पाठ करून दाराकडे बघत होते, आणि बघतच होते.

"आरं मेल्या, ह्ये काय केलंस?" सीताबाई दारातूनच ओरडली आणि तिथंच तिने हात जोडले.

झालं. गुडघ्याचा देव झाला. शेजारची बायजा जास्वंद वाहून गेली, सीताबाई रोज सकाळी हळदकुंकू लावू लागली. पडवीभर गणपती होते, पण सगळे अजून बिनडोळ्यांचे. त्या एवढ्या गर्दीत डोळे होते ते फक्त मैनेच्या गुडघ्याला. ती त्यांवर पदर टाकून काम करायची. पदराखालून कुणीतरी बघतंय असं तिला वाटत राहायचं.

ठणका काही थांबेना. आषाढात एका दुपारी पाट सरकवताना तिचा पदर बाजूला झाला, आणि तिच्या हातातला ब्रश खाली पडला. डोळे दाराकडे नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. डाव्या डोळ्याखाली बारीक भेग गेली होती. आत काहीतरी वाढत होतं आणि प्लास्टरला मागं रेटत होतं, हे तिला कळत होतं. पण कळून भीती जाते थोडीच? मैना भ्याली, चांगलीच भ्याली.

"आये, ह्ये कापू द्या. माझा पाय जाईल," ती सासूला म्हणाली.

"डोळे उघडल्यावर फोडायचा नाय, गो. भादव्यात विसर्जन करू. तवर दम धर."

"तुमी काढलेत, तुमीच पुसा," ती नवऱ्याला म्हणाली. पोपटने पांढरा रंग घेतला, ब्रश डोळ्यांपाशी नेला आणि तसाच मागं घेतला. "माझ्याच्यानं व्हत नाय," म्हणून तो बाहेर निघून गेला.

मैनेने पाय पाण्याच्या हौदात बुडवून बघितला. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, हे का तिला कुणी सांगायला हवं होतं? पण जीव वेडा असतो. कुंकू वाहून गेलं, डोळे तसेच.

मग सीताबाई पेणच्या बाजाराला गेली तशी मैनेने हातोडी उचलली. दोन्ही डोळे तिच्या तोंडाकडे लागलेले.

"बाप्पा असलास तर माफ कर. नसलास तर मर," ती म्हणाली आणि बरोबर मधोमध घाव घातला.

आतून गुडघा निघाला तो नारळाएवढा. कातडी ताणून चकचकीत झालेली, खाली निळ्या शिरा. पोपट धावत आला, त्याने बघितलं आणि गाडी बोलवायला पळाला. त्याच दिवशी त्याने तिला गाडीत घालून पेणला नेलं. फोटो बघून तिथल्या डॉक्टरांनी रोह्याला, हाडांच्या डॉक्टर सुरैय्याबाईंकडे पाठवलं.

सुरैय्याबाईंनी फोटो उजेडावर धरला. वाटीच्या जागी अंड्याच्या टरफलाएवढं पातळ हाड, आणि आत सगळा काळोख. त्यांनी सुईने आतला तुकडा काढून मुंबईला तपासायला धाडला. उत्तर आलं तेव्हा सीताबाईही येऊन बसली होती.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "पण ही गाठ हाड खाते. लवकर आला असतात तर ती खरवडून काढून पोकळीत हाडांचं सिमेंट भरलं असतं, वाटी वाचली असती. आता वाटीचं नुसतं टरफल उरलंय, तेही फुटलंय. पाय वाचवायचा तर वाटी काढावी लागेल."

"लवकर म्हंजे कवा?" सीताबाईने विचारलं.

"ते प्लास्टर घातलंत ना, त्या दिवशी."

सीताबाईने तोंडात पदर कोंबला. पोपट वर बघेना.

ऑपरेशन झालं. वाटी गेली, स्नायू ओढून शिवले. बऱ्याच दिवसांनी सुरैय्याबाई खाटेपाशी येऊन म्हणाल्या, "मैनाबाई, पाय सरळ ठेवून वर उचला." पाय उचलला तर ती चालणार, नाहीतर जन्माची काठी. मैनेने दात आवळले. पाय हलेना. पुन्हा जोर केला. टाच गादीवरून वर आली, वीतभर आली, आणि मैना हमसून हमसून रडू लागली.

पोपट तिच्या पायाशी बसला. "माझे हात तोडून टाक, मैना."

"हात ऱ्हाऊ देत, साचे उचलायला लागतील," तिने डोळे पुसले. "मला आता मांडी घालून बसता यायचं नाय. उंच खुर्ची करून घ्या. अन् फुडच्या सालापासून आखणी मी करणार."

"तुला कुठं येतीय ती, गो?" सीताबाई हळूच म्हणाली.

"शिकंन. डोळे कुठं काढायचे नायत, तेवढं तरी मला ठाव हाय."