बानाबाईचा तांब्या

मी एक तांब्या आहे. पितळेचा, पोटाला पोचे पडलेला, जमिनीवर ठेवला तर एका अंगाला कलणारा. स्टील आल्यापासून आम्हाला कुणी विचारत नाही, ते सोडा. पण मी जे पाहिलंय ते त्या चकचकीत पेल्यांच्या सात पिढ्यांनी पाहिलं नसेल.

जन्म माझा तांबटाच्या हातोडीखाली झाला. ठोके खाऊनच मला आकार आला. कन्नड गावच्या आठवडी बाजारात सोनाजी नावाच्या धनगरानं मला उचललं, बोटानं वाजवलं, मग कानाशी धरून पुन्हा वाजवलं. "आवाज लई ग्वाड हाय," म्हणाला. भाचीच्या लग्नात द्यायला त्याला भांडं हवं होतं. बाजाराच्या तोंडाशी नावं घालणारा बसायचा. त्यानं छिन्नीनं टिंबं पाडत माझ्या गळ्याखाली कोरलं, 'बानाबाई हिस, मामा सोनाजीकडून.' नाव घातलं की भांडं हरवत नाही म्हणतात. बाई हरवते, त्याला काय करायचं?

बाना अंगानं लहानखुरी, पण ढोलाचा ताल तिच्या रक्तात होता. जत्रेत बापे ढोलावर गजी नाचायला उभे राहिले की ती कडेला टाळ्या वाजवायची. पाणी भरताना, शेळी पिळताना तिची बोटं माझ्या काठावर ठेका धरायची. तो ठेका कधी चुकला नाही. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

दिवाळी झाली की तिचा नवरा सूर्यभान मेंढरं घेऊन वाळूजच्या माळावर उतरायचा. बाना आणि मी बरोबर असायचो. एका साली माळाला तारेचं कुंपण दिसलं. पुढच्या साली कुंपणाच्या आत कारखाना उभा होता. मग एकामागून एक कारखाने आले आणि मेंढरांना तोंड घालायला जागा उरली नाही. मेंढरं विकून सूर्यभान बांधकामावर गेला. एक दिवस परांचीवरून पाय निसटून पडला, तो परत उठला नाही.

तेव्हा कडुबा नावाचा मुकादम दारात आला. "वहिनी, कारखान्यात झाडलोटीचं काम लावतो. सावलीतलं काम हाय," म्हणाला. बानानं एक बोचकं बांधलं, त्यात मला घातलं आणि त्याच्यामागं शहरात आली. उस्मानपुऱ्याच्या पलीकडं, रेल्वेच्या रुळांच्या अंगाला एक बोळ होता. त्या बोळात गोजरबाईच्या घरी तिला बसवून कडुबा चहा आणायला म्हणून गेला.

बरीच वाट पाहून बानानं विचारलं, "कारखाना कुठंशी हाय?"

गोजरबाई पान लावत होती. "ह्योच की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं तिचं नाव मीना ठेवलं. बाना दोनदा पळाली आणि दोनदा धरून आणली गेली. तिसऱ्यांदा ती उंबऱ्यापर्यंत गेली, आणि गावात कुठल्या तोंडानं जायचं हे न सुचून तिथंच बसली. त्या संध्याकाळी तिनं मला खोलीतल्या फळीवर ठेवलं, नावाची बाजू भिंतीकडं करून.

फळीवर बसून मी माणसं पाहिली. बाहेर मान खाली घालून चालणारे आत आले की अंगावर ओरडायचे. कारखान्यांचा पगार झाला की बोळात पाय ठेवायला जागा नसायची. कुणी मारायचं, कुणी विडीचा चटका द्यायचं आणि वर हसायचं. पोलिसांची धाड पडली की बायांना गाडीत भरायचे, बापे मागच्या वाटेनं सुटायचे. आणि एवढं होऊनही तहान लागली की त्यातले किती तरी बाहेरच्या टपरीवर जाऊन पाणी प्यायचे. बानाच्या हातचं पाणी त्यांना चालायचं नाही.

शेजारच्या खोलीत पुतळाबाई होती. दोघींच्या मधे नुसता पत्रा. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगे पेटले, त्यात पुतळाचं घर जळलं होतं. आईचा हात धरून ती शहरात आली आणि आई गेल्यावर या बोळात. सुरुवातीला बाना तिला पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत. घरची सवय, दुसरं काय! पुढं बाना तापानं फणफणली तेव्हा पुतळानं मला उचललं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझा काठ तिच्या ओठाला लावला. बाना घटाघटा प्याली. त्यानंतर ओंजळीचा प्रश्न कधी निघाला नाही.

खोल्यांच्या दारांना आतून कडी नव्हती. बाया रुसून आत बसतात म्हणून गोजरबाईनं कड्या काढून टाकल्या होत्या. मग बायांनी आपसात एक रीत पाडली. कुणी जिवावर उठला तर हाताला येईल ते भांडं पत्र्यावर बडवायचं. ते ऐकलं की हातातलं टाकून सगळ्यांनी धावायचं आणि दार ढकलायचं. दुसऱ्या कुठल्याही कारणानं पत्र्यावर भांडं वाजवायचं नाही, अशी आण होती. या रीतीनं मी दोन-तीन जणींचे जीव वाचताना पाहिले आहेत.

मग आमच्याच बोळातली साळूबाई आजारी पडली. अंगावरचं मांस गळून गेलं. दवाखान्यात डॉक्टरनं लांबूनच जीभ पाहिली. ती गेली तेव्हा बायांनीच तिला खांदा दिला. नंतर एका संस्थेच्या ताई येऊ लागल्या. नव्या बिमारीचं सगळं समजावून त्यांनी निरोधची पाकिटं दिली. बानानं ती माझ्या पोटात ठेवली आणि त्या दिवसापासून ठरवलं की याच्याशिवाय कुणालाही जवळ येऊ द्यायचं नाही.

गोजरबाई भडकली. "गिऱ्हाइकाला नाय म्हणायची तू कोण? असलं असंल तर बोचकं उचल."

"उचलते," बाना म्हणाली. "साळूगत मरण्यापरीस रस्त्यावर पडंन." गोजरबाईची नजर बदलली, आणि बानाच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली.

आणि मग ती संक्रांत आली. दिवस मावळायला आला होता. बाया अंगणात एकमेकींना तिळगूळ देत होत्या. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतून हलगी ऐकू आली, फटाके वाजले, माणसं रस्त्यावर धावू लागली. कुणीतरी ओरडलं, "नामांतर झालं!" विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. पुतळा जागच्या जागी रडायला लागली, आणि रडत रडतच परात घेऊन बडवू लागली. बाकीच्या बायांनीही ताटं, पळ्या, मिळेल ते घेतलं. मी त्या बोळात एवढा आनंद कधी पाहिला नव्हता.

बाना मात्र आत होती. कुठल्याशा गाडीवरचा एक ड्रायव्हर आला होता. बानानं माझ्या पोटातलं पाकीट काढून पुढं केलं. त्यानं ते भिरकावून दिलं. "नाय जमणार," बाना म्हणाली. त्यानं बाज ओढून दाराला लावली आणि दोन्ही हातांनी तिचा गळा धरला.

तिच्या तोंडून आवाज फुटेना. चाचपडत तिचा हात माझ्यापर्यंत आला. तिनं मला पत्र्यावर आपटलं. मी जिवाच्या आकांतानं वाजलो. सोनाजीनं ज्या आवाजासाठी मला निवडलं होतं, तो सगळा आवाज मी बाहेर टाकला. पण बाहेर परात वाजत होती, ताटं वाजत होती, हलगी वाजत होती, त्यात पत्र्यावरचा ठोका वेगळा कळेना. कोणाला तरी म्हणताना मी ऐकलं, "बघा गं, मीनाबी वाजवायली!" आणि सगळ्या हसल्या.

माझं पोट चेपलं. बानाच्या हातातला जोर ओसरू लागला. ठोके अडखळले. एक पडला, मग बराच वेळ काही नाही, मग दोन लागोपाठ.

बाहेर पुतळानं परात खाली केली. "थांबा गं! गप व्हा जरा! ही बेताल का वाजवायली?"

"आनंदात कुठला ताल?"

"आगं, धनगराची पोर हाय ती! झोपंतबी ताल चुकत नाय तिचा!"

एवढं बोलून ती धावली. तिच्यामागं सगळ्या धावल्या. दार ढकललं, बाज सरकली, आणि त्या आत घुसल्या. पुतळानं हातातली परात त्या माणसाच्या डोक्यात घातली. तो धडपडत, मागल्या भिंतीवरून उडी टाकून पळाला. बाना जमिनीवर पडली होती. श्वास चालू होता.

गोजरबाई म्हणत होती, "चौकीत जाऊ नगं, धंदा बसंल." पुतळानं ऐकलं नाही. तिनं बानाला आधार देऊन चौकीत नेलं. बानानं मला हातातून सोडलंच नव्हतं, म्हणून मीही गेलो.

हवालदारानं वर पाहिलं. "गिऱ्हाइकाशी भांडण झालं म्हणून तक्रार असती व्हय?"

"भांडण नाय, साहेब. जीव घेत होता. गळा बघा तिचा."

त्यानं पाहिलं. मग नाइलाजानं पेन उघडलं. "नाव? मीना ना?"

बानानं मान हलवली. बोलायचा प्रयत्न केला, पण सुजलेल्या गळ्यातून शब्द येईना. मग तिनं मला टेबलावर ठेवलं आणि नावाची बाजू त्याच्याकडं फिरवली. इतकी वर्षं भिंतीकडं तोंड करून बसलेलं ते नाव हवालदारानं बोट ठेवून वाचलं, "बानाबाई."

बाहेर फटाके वाजत होते. पुतळा म्हणाली, "आज एवढ्या मोठ्या विद्यापीठाला नाव मिळालं, साहेब. हिचंबी तेवढं नीट लिवा."

त्यानं लिहिलं. मी पाहिलं.

तो माणूस सापडला का, मला ठाऊक नाही. बानाचा आवाज कायमचा घोगरा झाला. पुढं एकदा एक गिऱ्हाईक तिच्या अटीवरून कुरकुरलं, तेव्हा गोजरबाईच त्याला म्हणाली, "तिचं असंच असतंय. पटत नसंल तर निघ." बोळ मात्र आहे तिथंच आहे, आणि बाना अजून त्याच बोळात आहे. तिला मोकळी झालेली पाहायची माझी फार इच्छा आहे.

परवा एक भांडीवाली आली होती. माझ्या बदल्यात स्टीलचा तांब्या देते म्हणाली. बानानं मला तिच्या हातातून हिसकून घेतलं. आता तिनं माझ्या गळ्याला सुतळी बांधून मला पत्र्याजवळच्या खिळ्याला लटकवलंय, नावाची बाजू खोलीकडं करून. त्या आपटण्यात मला चीर गेली, माझ्यात पाणी राहत नाही. वाजतो मात्र अजून.

म्हणून एकच मागणं आहे. कधी रुळांकडच्या त्या बोळावरून गेलात आणि पत्र्यावर भांडं वाजताना ऐकलंत, तर असल्या ठिकाणी असंच चालायचं म्हणून पुढं जाऊ नका. मी पितळेचा आहे, माझा पोचा एखादा तांबट काढूनही देईल. बाईच्या गळ्याचं तसं नाही. या आणि दार ढकला. आतून कडी नाही.