नाईलकाठचा उखाणा

शुभाताईंनी शेवटचं पान उलटलं आणि चष्मा डोक्यावर सरकवला. "अक्षता, ही माणसं गाणी म्हणत होती, की इन्कम टॅक्सचा फॉर्म भरत होती गं?"

पार्ल्याच्या त्या चिमुकल्या प्रकाशन कचेरीत अक्षताचा चेहरा खर्रकन उतरला. बाई कॉलेजात इतिहास शिकवते. नवरा मॅच बघत बसला की ही ऑनलाइन ग्रीक शिकायची. हौस म्हणा, वेड म्हणा! दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तात ग्रीक बोलणारी साधीसुधी माणसं राहायची. लग्नातली गाणी, वाढदिवसाच्या चार ओळी, मित्राची चेष्टा, असं काहीबाही ती पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेल्या कागदावर खरडायची. पुष्कळदा तर धान्याच्या बिलामागे. तिथे पाऊस नाही, त्यामुळे उकिरड्यात फेकलेले ते कपटे तसेच टिकले. त्यात ना राजा ना लढाई, नुसता घरगुती मामला. अक्षता त्याच्या प्रेमातच पडली आणि कित्येक वर्षं खपून तिने त्यांचं मराठी केलं.

"अर्थ चोख आहे, पण जीव नाही," शुभाताई म्हणाल्या. "कंस काय, टिंबं काय! कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखव. ऐकणारा हसला, तर सोमवारी छापायला देते. नाही हसला, तर हे पुस्तक राहू दे. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे! असं ऐकल्यावर कुणाला वाईट वाटत नाही, तुम्हीच सांगा.

घरी बोरिवलीला येऊन तिने सर्वेशला समोर बसवलं. नवरा गुणी. दोन कविता त्याने डोळे उघडे ठेवून ऐकल्या, "मस्त आहे ना यार," म्हणाला, आणि तिसरीला घोरायला लागला. अक्षताला रडूच आलं.

आणि रविवारी तेजलचं डोहाळजेवण. तेजल म्हणजे सर्वेशची धाकटी बहीण. सोसायटीच्या हॉलमध्ये फुलांनी मढवलेला झोपाळा, त्यावर हिरव्या साडीतली तेजल, आणि भोवती पन्नासेक बायकांचा कलकलाट. वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ रुक्मिणीबाईंच्या हातची. रुक्मिणीबाई म्हणजे अक्षताच्या सासूबाई. पोटच्या मुलीचं डोहाळजेवण, पण बाई मागे गॅसजवळ उभ्या. नवरा, धाकू, गेल्यापासून त्या ओटी भरायला पुढे येत नसत. कुणी नको म्हटलं नव्हतं हो, त्याच आपल्या बाजूला होत. उखाण्यांची वेळ आली की हमखास त्यांना काहीतरी तळायचं आठवे. अक्षताला याचा भयंकर संताप यायचा, पण बोलणार कुणाला?

पेढा की बर्फी झालं. तेजलने बर्फीची वाटी उघडली, त्यावर आरडाओरडा झाला. मग शेजारच्या सुगंधाकाकूंनी मोबाइलचा कॅमेरा सुरू केला आणि फर्मान काढलं, "नाव घेतल्याशिवाय कुणाला वडा मिळायचा नाय! अक्षता, तू पहिली."

"काकू, मला नाही येत. तुम्हाला माहितेय."

माहीत होतंच. स्वतःच्या लग्नात ही दुसऱ्या ओळीला अडकली होती, आणि तो किस्सा सोसायटीत अजून चवीने सांगतात.

"मग तुझ्या त्या ग्रीकमध्ये घे!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या खिदळल्या.

झालं! अक्षताच्या डोक्यात तिडीक गेली. ग्रीकमध्ये काय, ग्रीकमध्ये! तिला फाइलमधलं शेवटचं लग्नगीत आठवलं. त्याचं तिने काय केलं होतं, तर, 'नदीस पूर येता खर्जूरफळे पक्व होतात. (नाव नष्ट) गृही येता दीप प्रसन्न होतो.' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? समोर पन्नास बायका, पोटात भूक, वड्यांचा घमघमाट. ती उठली, पदर खोचला आणि जे सुचलं ते ठोकून दिलं:

"नाईलला आला पूर, खजूर लागले पिकायला,
सर्वेश आले घरी, दिवा लागला हसायला!"

मग असा काही हशा आणि टाळ्या उसळल्या की वॉचमन डोकावून गेला.

"अगं, झकास! मी पण हाच घेणार!" तेजल झोपाळ्यावरूनच ओरडली आणि सर्वेशच्या जागी आपल्या नवऱ्याचं, विकीचं, नाव घालून मोकळी झाली. मग एकेकीने तोच उखाणा आपापल्या नवऱ्याच्या नावाने घेतला. सुगंधाकाकू म्हणाल्या, "आमचे घरी आले की दिवा कसला, टीव्ही लागतो," पण घेतला त्यांनीही, आणि लाजल्या चक्क.

अक्षता मात्र मध्येच थबकली. गाणं तेच, नाव दरवेळी दुसरं. तिने घाईघाईने मोबाइलवर त्या पपायरसचा फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला. नावाच्या जागी ना भोक, ना फाटलेलं, ना शाई पुसल्याची खूण. कागदाचे धागे अगदी धड होते. तिथे कुणी काही लिहिलंच नव्हतं! मोठमोठ्या विद्वानांनी नाव नष्ट म्हटलं, आणि हिने मुकाट्याने उतरवून घेतलं.

"अगं बाई गं!" ती किंचाळलीच. "ऐका, ऐका सगळ्या! ही जागा मोकळीच सोडलीये. जिला हवं तिने आपल्या माणसाचं नाव घालायचं. त्यांच्याकडेही आपल्यासारखंच होतं!" तिला इतका आनंद झाला की तिने सुगंधाकाकूंचा गालगुच्चाच घेतला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अक्षता, ह्यो उखाणो आपलो न्हय मां?"

रुक्मिणीबाई हातात झारा घेऊन उभ्या होत्या.

"नाही, आई. त्या लोकांचा आहे."

"त्येंका आपले रीती ठावक नाय मां?"

"कुठून असणार?"

"मग माका चालतलो." त्यांनी झारा सुगंधाकाकूंच्या हातात दिला, पदर सारखा केला. आवाज खणखणीत लागला:

"नाईलला आला पूर, खजूर लागले पिकायला,
धाकूराव आले घरी, दिवा लागला हसायला!"

आणि स्वतःच खुदकन हसल्या, नव्या नवरीसारख्या. तेजल रडत रडत हसत होती. "आई, ये इकडे. पहिली ओटी तूच भरायची. नाहीतर मी उठतच नाही." रुक्मिणीबाई डोळे पुसत पुढे आल्या आणि त्यांनी लेकीची ओटी भरली. अक्षताने सासूला सगळ्यांदेखत मिठी मारली.

सुगंधाकाकूंचा कॅमेरा अर्थातच चालू होता. अक्षताने तो व्हिडिओ शुभाताईंना पाठवला. वडा तोंडात असतानाच फोन आला. "मी हसले, आणि शेवटी रडलेसुद्धा," शुभाताई म्हणाल्या. "सगळ्या कविता अशाच करून आण. सोमवार गेला खड्ड्यात, मी थांबते. आणि ती जागा मोकळीच छापायची, बरं का."

पुस्तक आलं. छापखान्यातून मिळालेली पहिली प्रत अक्षताने प्रकाशन समारंभात शुभाताईंना द्यायची म्हणून कोरी करकरीत कपाटात ठेवली होती. समारंभाच्या सकाळी काढून बघते तर काय, शेवटच्या पानावर, मोकळ्या जागेत, निळ्या बॉलपेनने ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: धाकू.

"आई, अहो, ही प्रत द्यायची होती!"

"दुसरी दी," स्वयंपाकघरातून रुक्मिणीबाई म्हणाल्या. "ही माझी."