शंभरनंतरची अकरा अक्षरं

फ्रीजरच्या तिसऱ्या खणात, डावीकडच्या डब्यात, चार नळ्या होत्या. प्रत्येकीत दोनशे मायक्रोलिटर सीरम, म्हणजे साधारण चार थेंब. झाकणांवर नाव नव्हतं, नुसता संकेतांक. तो कोणाचा हे प्रयोगशाळेत तिघींनाच माहीत होतं: मॅडमना, दशांशला आणि मला. सीरम माझ्या आत्याचं होतं.

दशांश म्हणजे आमची तंत्रज्ञ. किती वाजले विचारलं तर ती सेकंदांसकट सांगते, म्हणून हे नाव. नमुना नात्यातला असल्यामुळे पिपेटला मी हात लावायचा नाही, मोजणी तिनेच करायची, हे पहिल्या दिवशीच ठरलं. माझं काम संगणकावर.

आत्या बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत बाई होती. एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात अर्ध्या ओळीतच खाली आला. मग पापण्या मिटायला लागल्या, मग घास गिळताना ठसका. तिच्याच रक्तातल्या अँटीबॉडी तिच्या स्नायूंवरच्या एका प्रोटीनला चिकटत होत्या. यावर औषध होतं, पण ते वाईटाबरोबर चांगल्या अँटीबॉडीही साफ करायचं. ते सुरू झाल्यापासून वर्षभरात तिला दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी घरच्यांनी तिची आशा सोडली होती.

आम्ही तोतया शोधत होतो. स्नायूवरच्या त्या प्रोटीनचे नऊ तुकडे पाडायचे, ज्या तुकड्याला रोगी अँटीबॉडी चिकटते तेवढाच बनवायचा, आणि रक्त त्याच्यावरून फिरवायचं. वाईट तेवढं तोतयाला चिकटेल, चांगलं परत अंगात जाईल. डॉक्टरांची अट साधी होती. निम्म्याहून जास्त अँटीबॉडी ओढणारा तुकडा मिळाला, तरच आत्याला चाचणीत घेणार. औषध सुरू झाल्यामुळे तिच्या रक्तात आता मोजण्याजोगं काही उरलं नव्हतं. त्याआधी काढून ठेवलेल्या या चार नळ्या, बस.

तुकडा बनवायला सहा आठवडे लागतात आणि खर्चही बराच, त्यामुळे नऊच्या नऊ बनवत नाहीत. कोणता बनवायचा ते संगणकावर ठरतं. आत्याच्या पेशींमधून एकसष्ट हजार अँटीबॉडींचे अनुक्रम, म्हणजे त्यांतल्या अमिनो आम्लांच्या ओळी, मिळाले होते. त्यांतलं एकमेकींसारख्या अँटीबॉडींचं सगळ्यात मोठं घराणं निवडून मी त्याची आकृती तयार केली आणि ती प्रोटीनवर हजारो बाजूंनी बसवून पाहिली. दुसरा आणि सातवा तुकडा वर आले. आकृती इतकी नीटस होती की मी ती मॅडमना दोनदा दाखवली.

तुकडे आले, दशांशने एकेक नळी वापरली. दुसऱ्याने ३.२०७ टक्के अँटीबॉडी ओढल्या, सातव्याने ४.०५१. प्लेटवरच्या, काहीच न लावलेल्या खळग्यातही तेवढंच येतं. डब्यात दोन नळ्या राहिल्या.

रविवारी आत्याकडे गेले. खिडकीजवळच्या खुर्चीत ती मान मागे टेकून बसली होती, म्हणजे अर्धवट मिटलेल्या पापण्यांखालून समोरचं दिसतं. जमलं नाही म्हणून सांगितलं. ती हळहळली नाही; तू जागा शोधतेस कशी ते मला समजावून सांग, म्हणाली. शिकवायची सवय जात नाही, तशी शिकायचीही नसावी. मी सांगायला बसले. अँटीबॉडीच्या टोकाला वेढे असतात, पकड त्यांची. प्रत्येक वेढ्यातल्या अमिनो आम्लांना ठरलेले क्रमांक असतात, कुठल्याही अँटीबॉडीत तेच, म्हणजे एकीची दुसरीशी तुलना करता येते.

"आणि एखादीत जास्तीची निघाली तर?"

"मग मधे अक्षरं लावतात. शंभर, शंभर-ए, शंभर-बी, आणि मग एकशे एक."

आत्या हसली. तिचं हसू आता एकाच बाजूला उमटतं. "हा तर आमचा हजेरीपट झाला. वर्षाच्या मधे पोर आलं की ते तेवीस-अ. नवीन बाई आली की तेवीसनंतर थेट चोवीस पुकारायची. पोर बाकावर बसलेलं, आणि कागदावर गैरहजर." दम लागला म्हणून ती थांबली. "तू पुकारतेस ना 'अ'ला?"

"पुकारते की," मी म्हटलं.

घरी निघाले, आणि जिन्यात पाय थांबले.

माझ्या प्रोग्रॅममध्ये एका क्रमांकाला एकच जागा होती. अक्षर वाचायला मी त्याला सांगितलंच नव्हतं. शंभरपाशी पहिलं अमिनो आम्ल ठेवून तो पुढच्यांना गाळायचा, आणि उरलेल्यांची मी आकृती करायचे. आत्याच्या अँटीबॉडीचा तिसरा वेढा एकोणीस अमिनो आम्लांचा होता. मी आठ धरली होती. आकृती नीटस दिसणारच. पकडणारं बोटच कापून टाकलं होतं.

सोमवारी मॅडमना सांगितलं. त्यांचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं. आणखी कोणाच्या नमुन्यात असं झालंय, एवढंच त्यांनी विचारलं. मी तपासून ठेवलं होतं: बाकी दहा रुग्णांचे वेढे आखूड होते, त्यांना धक्का नव्हता. मग त्यांनी नोंदवही पुढे सरकवली आणि चूक, तारीख, वाया गेलेल्या नळ्या हे सगळं माझ्या हाताने लिहायला लावलं. खाली सही.

एकोणीस धरून पुन्हा बसवलं, तेव्हा लांब वेढा पाचव्या तुकड्यातल्या खाचेत खोलवर शिरला. मॅडम म्हणाल्या, दोन्ही नळ्या पाचव्यावर. एकदाच आलेला आकडा डॉक्टर धरणार नाहीत. म्हणजे हा चुकला, तर शोधायला काही उरणार नव्हतं.

संध्याकाळी आत्याला फोन केला. "आत्या, मी 'अ'ला पुकारलं नव्हतं."



"किती पोरं?"

"अकरा."

"अकरा जणांना वर्गाबाहेर उभं केलंस गं." मग म्हणाली, "आता आत घेतलंस ना?"

"हो."

"रडतेस कशाला मग? आणि ऐक. निकाल लागला की फोन करू नकोस. तुझे काका उचलतात आणि मला गोड करून सांगतात. लिहून पाठव. मार्क तेवढे लिही, शेरा नको."

सात आठवड्यांनी, गुरुवारी, दशांशने शेवटच्या दोन नळ्या बर्फावर ठेवल्या. मी काचेच्या बाहेर हात खिशात घालून उभी होते. तिने दोन्ही तळापर्यंत रिकाम्या केल्या, प्लेट दीड तास मंद हलवत ठेवली, चार वेळा धुतली आणि यंत्रात सरकवली. कागद बाहेर आला तो तिने आधी स्वतः वाचला, मग काचेला लावून धरला. मी तो जसाच्या तसा उतरवून आत्याला पाठवला.

तुकडा पाच, पहिली नळी: ५४.१२६ टक्के.
तुकडा पाच, दुसरी नळी: ५५.७०८ टक्के.
रिकामा खळगा: ३.९१४ टक्के.