तिरक्या हेडची कॅसेट

तिसऱ्यांदा पडद्यावर तीच ओळ आली: कॅसेट वाचता येत नाही.

"योलांताबाई, चहा तरी घ्या," टिमोन म्हणाला. पोलंडमधल्या टोरुन शहरातल्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबचा तो प्रमुख. वयाने तिच्या मुलाएवढा.

"चहा गेला खड्ड्यात. परत लाव."

यंत्र नवंकोरं होतं, सोंग मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरचं. तीच रबरी बटणं, तोच काळा डबा, आणि आत नखाएवढी चिप. सोबतच्या मेमरी कार्डात हजारो खेळ भरलेले. 'पाणचक्की' हा खेळसुद्धा होता, पण नकलेची नक्कल. तिसऱ्या पायरीवर मान टाकायचा. क्लबला तो नव्या यंत्रासाठी नव्या वेष्टनात पुन्हा बाजारात आणायचा होता, म्हणून योलांताकडची मूळ कॅसेट हवी होती. आणि वेष्टनावर लेखक म्हणून नाव जाणार होतं बोगदानचं. तिच्या नवऱ्याचं.

खेळ लिहिला होता योलांताने. शहाऐंशीच्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बटाटे सोलता सोलता. बोगदान रविवारच्या बाजारात खेळ भरलेल्या कॅसेटी विकायचा. बाईच्या नावाने खेळ कोण घेणार, म्हणून विकायच्या प्रतींवर त्याने आपलं नाव घातलं. पुढे तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. तिने टिमोनला खरं सांगून पाहिलं होतं. "हो का!" म्हणून तो गोड हसला होता. त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण मूळ कॅसेटवर पहिल्याच पडद्यावर तिचं नाव होतं. ते एकदा सगळ्यांनी पाहिलं की पुरे.

"या नकली यंत्रातच खोट असणार," हॉलमध्ये मागून कुणीतरी म्हणालं.

"रेकॉर्डर आपला घरचाच आहे ना?" तिने शेजारी उभ्या नवऱ्याला विचारलं.

"घरचाच. काल आतून पुसला, टेप वाचणारं हेडही अगदी सरळ करून आणलं," बोगदान अभिमानाने म्हणाला. "दुकानातून आणल्यासारखं."

योलांताने कपाळाला हात लावला. त्या काळी घरोघरी बारीक स्क्रू ड्रायव्हर असायचा आणि जो तो रेकॉर्डरचं हेड पिळत बसायचा. त्यांच्या रेकॉर्डरचं हेड तिरकं होतं, म्हणून त्यावर भरलेली कॅसेटही तिरक्या हेडलाच कळणार होती.

"अरे शहाण्या! आपल्या घरात कधी काही सरळ होतं का? आण इकडे तो स्क्रू ड्रायव्हर."

क्लबमधली पोरं फिदीफिदी हसली. तिने कॅसेट सुरू केली, कान रेकॉर्डरला लावला आणि स्क्रू केसाकेसाने फिरवू लागली. आवाज घोगरा होता. मग थोडा मोकळा झाला. आणखी जरासा फिरवल्यावर तो सुरीसारखा धारदार झाला. तिने कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागल्या. पाच मिनिटं खेळ कॅसेटवरून यंत्रात भरत राहिला.

मग अक्षरं उमटली. पाणचक्की. लेखन: योलांता, १९८६.

टाळ्या पडल्या. एकदाचं झालं, असं तिला वाटलं.

"आठवतं, योला?" बोगदानचे डोळे भरून आले होते. "तुझ्या नामदिनाची, तुझ्या नावाच्या संताच्या दिवसाची, भेट म्हणून मी तुझं नाव घातलं होतं."

"अय्या, किती गोड!" कुणीतरी म्हणालं.

तो खोटं बोलत नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं. खेळ आपणच लिहिला असं इतकी वर्षं सांगून सांगून त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं. खोटारड्याशी भांडता येतं. याच्याशी काय भांडायचं?

"छानच की!" टिमोन म्हणाला. "पुस्तिकेत घालू या, 'प्रिय पत्नीस अर्पण.' थांबा, आधी खेळ कार्डावर उतरवून घेतो." त्याने बटणाकडे बोट नेलं.

योलांताने भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला.

"योलांताबाई! अहो, अजून उतरवला नव्हता!"

तिने कॅसेट काढली, पर्समध्ये टाकली आणि कोट चढवला.

"मग काय झालं? लेखक इथेच उभा आहे," ती बोगदानकडे बोट दाखवत म्हणाली. "बसवा त्याला यंत्रापुढे. लिहील परत."