दहाव्या जोडीची खरखर

पडद्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक चौकट उघडली. तिच्यात कुणी एक गोरा गृहस्थ बोलण्यासाठी तोंड उघडून उभा राहिला, आणि तसाच राहून गेला. बऱ्याच वेळाने त्याचे ओठ हलले, अर्धा शब्द खोलीत पडला, आणि पुन्हा सगळे गोठले.

‘बिचाऱ्याला बोलू बी देईनात,’ पलंगावरून गीताबाई म्हणाल्या.

प्रवीण हसला, पण त्याच्या कपाळावरची आठी तशीच राहिली. नागापूरच्या चौकात त्याचा संगणकाचा क्लास होता. तिथला एक संगणक रिक्षात घालून त्याने आज या घरी आणला होता, आणि गीताबाईंचे यजमान भाऊसाहेब यांच्या फोनच्या तारेला मोडेमची डबी लावून तो तासभर खटपट करत होता. जूनमध्ये पाण्याच्या पिंपापाशी पाय घसरून गीताबाईंच्या खुब्याचे हाड मोडले होते. ऑगस्ट अर्धा सरेपर्यंत पलंग सोडायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. नाहीतर त्यांनाच क्लासात नेणे सोपे होते.

आज बुधवार. शनिवारी दुपारी साडेतीनला, म्हणजे तिकडच्या सकाळी, त्यांच्या शुभांगीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात डॉक्टरेटची पदवी मिळायची होती. माती पाणी कसे धरून ठेवते, यावर ती चार वर्षे तिथे काम करत होती. तो समारंभ इंटरनेटवरून जगभर दिसणार होता. एकदाच, घडत असतानाच. ‘आई, तू घरात पडल्या पडल्या मला बघशील,’ असे ती फोनवर म्हणाली होती. त्या दिवसापासून गीताबाईंनी दुखण्याबद्दल तक्रार केलेली नव्हती.

‘काका,’ प्रवीण खुर्ची वळवून म्हणाला, ‘विहिरीचं असतं ना, झऱ्याहून उपसा जास्त झाला की मोटर हवा ओढते. तसंच आहे हे. चित्र आधी थोडं साठतं, मग चालतं. ते साठायच्या आत संपलं की थांबतं. सलग चालायला कमीत कमी अठ्ठावीसचा वेग पाहिजे. माझ्या क्लासात तेवढा मिळतो. तुमच्या घरी मोडेम नऊवर येऊन बसतोय.’

‘संगणकाचा दोष?’

‘संगणक तोच, मोडेम तोच. लाईन खरखरतेय काका. ऐका.’

त्याने रिसीव्हर पुढे केला. भाऊसाहेबांनी तो कानाला लावला नाही. लावण्याची गरज नव्हती. तीस वर्षे टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून काढलेला तो माणूस. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले असले, तरी या खरखरीचा पत्ता त्यांना खांबाच्या क्रमांकासकट ठाऊक होता.

प्रवीण उद्या येतो म्हणून गेला. संगणकावर गीताबाईंच्या सांगण्यावरून स्वच्छ धुतलेला टॉवेल पांघरला गेला. बाहेर कारखान्याची पाळी सुटल्याचा भोंगा झाला, सायकलींची एक ओळ रस्त्यावरून ओसरली. आणि त्यानंतरच्या शांततेत भाऊसाहेबांना जाणवले, की आपण इतकी वर्षे ज्या एका वाक्याच्या आडोशाने राहिलो, ते वाक्य आता घरातून उठून चालले आहे.

‘शुभाची आई,’ ते म्हणाले, ‘एक सांगायचं हाय.’

‘सांगा की.’

‘फोनमधी तो आवाज येतो न्हवं, समुद्राचा…’

त्या आवाजाला हे नाव त्यांनीच दिले होते. अकरा वर्षांपूर्वी घरी फोन आला, तेव्हा तो घराचा नव्हताच; कुठे तार तुटली की कार्यालयाने भाऊसाहेबांना बोलावण्यासाठीचा होता. नातेवाइकांत कुणाकडे फोन नव्हता. गीताबाई त्याच्यावरची धूळ पुसत, इतकेच. मुलगी इंग्लंडला गेली आणि एका रविवारी त्यांनी पहिल्यांदा रिसीव्हर कानाला धरला. मुलीच्या आवाजाच्या मागेपुढे, तिच्या शब्दांच्या फटींतून, अखंड काहीतरी सळसळत होते. ‘ह्यो कसला आवाज वो?’ असे त्यांनी विचारले, आणि भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘मधी समुद्र हाय ना एवढा.’

चार वर्षे गीताबाईंनी त्या समुद्रावरून मुलीला हाका मारल्या होत्या. अर्धे ऐकू येई, अर्धे त्या स्वतः भरून घेत. ‘जेवलीस का’ हा प्रश्न त्या तीनदा विचारत, कारण उत्तर दरवेळी लाटेखाली जाई. न ऐकलेल्या अर्ध्यातून त्यांनी आपली एक मुलगी तयार केली होती. ती नेहमी पोटभर जेवलेली असे आणि तिला कधी थंडी वाजत नसे.

‘समुद्र न्हाई तो,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘आपल्या कोपऱ्यावरच्या खांबाला डबा हाय. त्यात धा जोड्या येत्यात. दोन-दोन तारांची एक, एका घराला एक. तवा नव्यानंच केबल टाकलेली. त्यातली एक जोडी सांध्याला ओली झाल्ती, कुनाची तरी कुदळ लागल्याली. नऊ चांगल्या, एक खरखरती. समद्यांना फोन द्यायचा व्हता. मी नऊ लोकांना दिल्या, दहावी आपल्याला घेतली.’

‘का?’

‘लाईनमनच्या घरी चांगली लाईन आन् लोकांच्या घरी खरखर, आसं बोललं आसतं कुनी तरी. कुनी बोललं न्हाई तरी मला वाटलं आसतं.’

‘मंग दुरुस्त का न्हाई केली?’

‘सांधा रस्त्याखाली हाय. खोदायचं म्हंजी वहीत तक्रार लागती. आपल्या घरची तक्रार आपनच कशी लिवायची? मी कुनाला बोललो न्हाई. तुला बी न्हाई.’

गीताबाई छताकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही सरकत गेले. चार वर्षांचे रविवार असावेत. भाऊसाहेबांना खांबावर चढताना कधी भीती वाटली नव्हती. आता त्यांनी पलंगाची कड धरली.

‘म्हंजी,’ त्या सावकाश म्हणाल्या, ‘चार वरीस मी त्या समुद्राला शिव्या घातल्या.’

‘व्हय.’

‘तुमाला घालायच्या हुत्या.’

‘घाल आता.’

‘आता लई झाल्या, कुठनं सुरू करू?’ असे म्हणून त्या हसल्या, आणि हसण्याने खुब्यात कळ आली तसे त्यांचे डोळे भरले. किंवा कळ हे निमित्त असेल. मग त्यांनी पदराने तोंड पुसले. ‘लोकांसाठी केलंत, ते बेस केलंत. पन मला का समुद्र दावला? खरं सांगितलं आसतं तर म्या ऐकलं नसतं व्हय? खरखर हाय म्हनून ऐकलं आसतं. मला वाटायचं पोरगी लई लांब गेली.’

भाऊसाहेबांनी संगणकावरचा टॉवेल उगाच नीट केला.

‘उद्या जा,’ गीताबाई म्हणाल्या. ‘जलमभर लोकांच्या तक्रारी ऐकल्यात, आपली एक लिवा. मला शनिवारी पोरगी बघायची हाय. पुन्यांदा कुनी मला ती दावनार न्हाई.’

गुरुवारी सकाळी भाऊसाहेब इस्त्रीचा सदरा घालून कार्यालयात गेले. तक्रारीच्या खिडकीच्या आतल्या बाजूस त्यांची कितीतरी वर्षे गेली होती. बाहेरच्या बाजूने ती खिडकी त्यांना अनोळखी आणि जरा उंच वाटली. पुढच्या दोन माणसांचे होईपर्यंत ते रांगेत उभे राहिले. आतून श्रीमंतने पाहिले. त्या भागाचा लाईनमन आता तो होता. खांबाला शिडी कशी टेकवायची इथपासून सगळे त्याने भाऊसाहेबांकडून शिकून घेतले होते.

‘जय भीम दादा! रांगेत काय उभे? कुनाचा फोन बंद हाय?’

‘जय भीम. माझाच. बंद न्हाई, खरखरतो.’

‘कवापासून?’

‘अकरा वर्सं.’

श्रीमंतचा हात लिहिता लिहिता थांबला. मग तो इतक्या मोठ्याने हसला, की शेजारचा कारकून उठून आला. ‘दादा, पाच-सा महिन्याला तारा तपासताना माज्या ध्यानात यायचं. म्हनायचो, दादांच्या घरची दहावी जोडी मेलीय आन् वहीत एक बी ओळ न्हाई. वाटलं, दादांना आवडत आसंल खरखर. रेडिओ लागतो का काय त्याच्यावर?’

‘लिही गुपचूप.’

त्याने लिहिले. पावसाळ्यात रस्ता खोदायची परवानगी मिळणार नव्हती. सांध्याचे काम दिवाळीच्या सुमारास होईल, हे दोघांनाही न बोलता कळले. शनिवार तर परवावर आला होता.

‘नऊच्या नऊ भरल्यात,’ श्रीमंत हळू आवाजात म्हणाला. ‘पन मी डब्यात अदलाबदल करतो. साळूबाईची जोडी तुमाला, तुमची तिला. घडीभराचं काम. म्हातारीला कळनार बी न्हाई.’

‘तिला कळनार न्हाई, मला कळंल ना.’

‘मग काय करू?’

‘ती व्हय म्हनली तर उद्या ये.’

साळूबाईंचे घर गल्लीच्या टोकाला होते. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली, तरी दारात दोन म्हशी राहिल्या होत्या, आणि म्हशींशी बोलताना त्यांचा आवाज आजही शेताच्या दुसऱ्या बांधाला पोहोचेल असाच होता. भाऊसाहेबांनी पायरीवर बसून सगळे सांगितले. जोडी, सांधा, शनिवार. आणि चांगली लाईन गेली की तिच्या फोनमध्ये काय येईल, तेही. त्यांनी आयुष्यात कुणापाशी काही मागितले नव्हते. त्यामुळे ते मागत कमी होते आणि जबानी देत जास्त होते.

‘भाऊ,’ साळूबाई शेणाचे हात लांब धरून म्हणाल्या, ‘म्हंजी माज्या फोनमंदी खरखर हुईल, एवढंच ना?’

‘लई हुईल.’

‘मला फोन येतो एक जावयाचा. त्याचं न ऐकलेलंच बरं. करा तुमी.’

‘शनिवारपुरतं. संध्याकाळी परत लावून देतो.’

‘आन् रविवारी तुमच्या पोरीचा फोन आला की? परत गीताबाईनं वरडायचं? तिचा एका बाजूचा फोन आमाला हितं बसून ऐकू येतो.’ त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. ‘राहू द्या तिकडंच. खोदतील तवा खोदतील.’

भाऊसाहेब पायरीवरून उठले, पण लगेच निघाले नाहीत. काहीतरी बोलायला हवे होते, आणि त्यासाठी लागणारा शब्द त्यांनी कधी वापरलेला नव्हता. साळूबाईंनीच त्यांची सुटका केली. ‘जावा आता, म्हस बुजती.’

शुक्रवारी दुपारी श्रीमंत खांबावर चढला. भाऊसाहेब खाली शिडी धरून उभे होते. वर दोन तारा सुटल्या, दोन तारा बसल्या. घरी प्रवीणने फोन जोडला, मोडेमचा तो चिरका, किंचाळल्यासारखा संवाद झाला, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहून तो म्हणाला, ‘अठ्ठावीस. काका, अठ्ठावीस!’ भाऊसाहेबांनी तो आकडा चष्मा लावून स्वतः वाचला.

शनिवारी सव्वातीनला संगणक पलंगाच्या उशाशी टेबलावर होता. गीताबाईंनी नवे लुगडे नेसवून घेतले होते, जणू तिकडूनही कुणी इकडे बघणार होते. वीज होती. वाऱ्याने तारा हलू नयेत म्हणून भाऊसाहेब दोनदा बाहेर जाऊन खांबाकडे बघून आले. वाऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे त्यांच्याइतके चांगले कुणालाच माहीत नव्हते.

चौकट उघडली. तिच्यात एक उंच सभागृह होते, लाकडाचे असावे. इतक्या लहान जागेत ते सभागृह आणि त्यातली शेकडो माणसे कशी मावली, असे वाटावे. एक माणूस नाव उच्चारी, झगा घातलेले कुणीतरी डावीकडून येई, हात मिळवी, उजवीकडे जाई. चित्र धूसर होते, पण चालत होते. गीताबाई प्रत्येकाला बघत होत्या. ‘ही न्हवं,’ त्या म्हणत. ‘ही बी न्हवं.’

मग त्या माणसाने एक नाव असे उच्चारले, की त्यातला एकही स्वर जागेवर नव्हता; तरी गीताबाईंचा हात पलंगावरून उठला.

ती डावीकडून आली. चेहरा चार ठिपक्यांचा. ओळख पटावी असे त्यात काही नव्हते. पटली ती चालण्यावरून. डावा खांदा किंचित खाली टाकून, भराभर, उशीर झाल्यासारखी. लहानपणी नागापूरहून शहरातल्या शाळेत दप्तर घेऊन चालत जायची तशीच. ती मधोमध आली, हात पुढे केला, आणि वळून सभागृहाकडे पाहिले.

तिथे चित्र थांबले.

प्रवीणचा हात माऊसकडे गेला. ‘एक मिनिट काकू, मी परत जोडतो, वेग आहे अजून—’

‘नको,’ गीताबाई म्हणाल्या. ‘ऱ्हाऊ दे तिला उभी. लई चाललीय ती.’

प्रवीणने हात मागे घेतला. भाऊसाहेबांनी आपली खुर्ची उचलून पलंगाला लावली आणि बसले. पडद्यावर चार ठिपक्यांचा तो चेहरा त्यांच्याकडे बघत होता, आणि गीताबाई, खालच्या आवाजात, तिला जेवलीस का म्हणून विचारत होत्या.